दंतशस्त्रक्रियेतील वृद्धिघटक
दात काढल्यावर खोबणीभोवतीचे हाड झिजू लागते. गालाकडची पातळ भिंत आधी खचते आणि पुढे इम्प्लांट बसवायला पुरेसा आधार उरत नाही. अशा जागी हाड पुन्हा धरावे म्हणून पेशींना संदेश देणारी जी प्रथिने वापरतात, ती वृद्धिघटक होत. मुकादमाचा हुकूम सुटला तरी गवंडी आणि पाणी जागेवर लागतेच, तसे हे घटक भोवतालच्या जिवंत पेशी, रक्तपुरवठा आणि मोकळी जागा यांच्याच भरवशावर काम करतात. त्यांच्या यशापयशाचा उलगडा बहुतेक या भरवशातच होतो. हाडाला असा संदेश देता येतो हे आधी प्रयोगात दिसले: १९६५ मध्ये शल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी खनिजे काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवले, तेव्हा जिथे हाड असण्याचे कारणच नव्हते तिथे ते तयार झाले. यामागच्या प्रथिनांपैकी बीएमपी-२ (बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन-२) हे पुढे प्रयोगशाळेत बनवता आले. मात्र ते नुसते टोचले तर लगेच पांगते; म्हणून कोलॅजनच्या स्पंजात भिजवून ठेवावे लागते. स्पंज मऊ असल्याने हिरडीच्या दाबाखाली दबतो, आणि मोठ्या उणिवेत टायटॅनियमच्या जाळीचा आडोसा द्यावा लागतो.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या ८० रुग्णांच्या चाचणीत, मिलिलिटरला १.५ मिलिग्रॅम या प्रमाणात बीएमपी-२ दिल्यावर खोबणीत उपचाराविना राहिलेल्यांच्या सुमारे दुप्पट हाड आले. २००७ मध्ये अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने खोबणीतील उणिवा आणि वरच्या दाढांवरील सायनसचा तळ उचलणे या कामांसाठी त्याला मान्यता दिली. मग रुग्णाचे स्वतःचे हाड काढून बसवण्याची जुनी रीत मोडीत काढावी काय? सायनसच्या १६० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी स्वतःच्या हाडाने सरासरी ९.४६ मिमी उंची मिळाली, बीएमपी-२ ने ७.८३ मिमी. म्हणजे या औषधाची खरी कमाई जास्त हाडात नाही, दुसरी जखम टळण्यात आहे. हनुवटी किंवा कमरेचे हाड काढलेल्या काहींना बधिरता व वेदना सोसाव्या लागतात, हे विसरून नुसते मिलिमीटर मोजणे अन्यायाचे ठरेल. पण बीएमपी-२ ची किंमत मोठी आणि शस्त्रक्रियेनंतर चेहऱ्यावर येणारी सूजही ठळक असते. गर्भवती स्त्रिया, तसेच त्या जागी गाठ किंवा संसर्ग असलेले रुग्ण यांना ते देत नाहीत.

यावर आक्षेप असा की रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून काढलेले पीआरएफ (प्लेटलेटयुक्त फायब्रिन) स्वस्त व निर्धोक असताना महागड्या प्रथिनाचा आग्रह कशाला? २००१ मध्ये फ्रान्समध्ये शुक्रून यांनी मांडलेली ही पद्धत हिरडी लवकर भरून येण्यास उपयोगी पडते, हे मान्य. हाडाबाबतचा पुरावा मात्र विस्कळीत आहे, कारण प्लेटलेटमधील घटक प्रामुख्याने जखम भरण्याची सुरुवात करून देतात; बीएमपी-२ प्रमाणे कोऱ्या पेशींना हाडाच्या पेशी होण्यास ते प्रवृत्त करत नाहीत. साध्या, भिंती शाबूत असलेल्या खोबणीला दोन्हींची गरज क्वचितच पडते. भिंत खचलेली आणि दुसरी जखम नको असलेली अशा रुग्णातच बीएमपी-२ चा खर्च समर्थनीय ठरतो.