लुइझा अल्कॉट : ऋणांतून निघालेलें बालवाङ्मय

शांताबाई शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळें अमेरिकेंतील मार्च घराण्याच्या मेग, जो, बेथ व एमी ह्या चार बहिणी महाराष्ट्रांतील मुलींस सख्याच वाटूं लागल्या, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. मूळ ‘लिट्ल विमेन’ लिहिणाऱ्या लुइझा मे अल्कॉट हिच्याविषयीं मात्र एक समज रूढ आहे. कोणी वत्सल स्त्री मायेनें मुलांना गोष्टी सांगत बसली आणि त्यांचें पुस्तक झालें, असें आपण धरून चालतों. इतिहास निराळेंच सांगतो.

लुइझेचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ रोजीं पेनसिल्व्हानियांत जर्मनटाउन येथें झाला. वडील ब्रॉन्सन अल्कॉट हे तत्त्वज्ञ. पैसा मिळविण्याची कला त्यांस कधींच साधली नाहीं. बोस्टन येथील त्यांची नामांकित शाळा त्यांच्या धाडसी मतांपायीं मोडली. १८४३ सालीं त्यांनीं ‘फ्रूटलँड्स’ नांवाची वसाहत काढली. तेथें मांस तर नाहींच, पण दूधहि वर्ज्य. कापूस गुलामांच्या श्रमाचा म्हणून त्याचें वस्त्र नको, आणि लोंकर मेंढराची म्हणून तीहि नको! पहिला हिवाळा सरण्यापूर्वींच ही वसाहत उठली. अशा आदर्शांचा खर्च बहुधा घरांतील स्त्रियांस भरावा लागतो. येथें तो आधीं आईनें व पुढें लुइझेनें भरला. शिवणकाम, शिकवणी, परक्या घरची चाकरी, जें मिळेल तें तिनें केलें. इमर्सन व थोरो यांच्यासारखे शेजारी लाभले हें भाग्य खरें. पण त्यानें वाण्याचें देणें फिटत नसे.

लेखनाकडेहि ती ह्याच गरजेनें वळली. इमर्सनच्या मुलीस सांगितलेल्या परीकथांचें ‘फ्लॉवर फेबल्स’ हें पहिलें पुस्तक १८५४ सालीं निघालें. त्याचे तिला ३२ डॉलर मिळाले. १८६२ च्या अखेरीस, यादवी युद्ध चालू असतां, ती जॉर्जटाउनच्या रुग्णालयांत परिचारिका म्हणून गेली आणि थोड्याच आठवड्यांत विषमज्वरानें अंथरुणास खिळली. उपचारांत पाऱ्याचें औषध देण्यांत आलें. पुढें तिची प्रकृति पूर्ववत् झालीच नाहीं.

ह्याच सुमारास ती आणखी एक धंदा गुपचुप करीत होती. सूड, कपट, वेषांतर, नशापाणी यांनीं भरलेल्या रोमांचक कथा ती साप्ताहिकांस विकत असे. कांहीं निनांवी, कांहीं ‘ए. एम. बार्नार्ड’ ह्या टोपणनांवानें. एका कथेस १०० डॉलरांचें बक्षीसहि मिळालें. बार्नार्ड म्हणजे कोण, हें लिओना रॉस्टेनबर्ग हिनें १९४३ सालीं पत्रांच्या आधारें जगापुढें मांडलें. ह्या कथा म्हणजे बुद्धीचा अपव्यय, असें म्हणणें सोपें आहे. मला तें पटत नाहीं. संवाद चटपटीत कसे करावे, प्रकरण कोठें तोडावें, हें तिच्या हातीं ह्याच बाजारांत बसलें. ‘जो’च्या वाणींतील तिखटपणा परीकथांतून खास आलेला नाहीं.

१८६७ सालीं रॉबर्ट्स ब्रदर्सच्या टॉमस नाइल्सनें तिला मुलींकरितां पुस्तक मागितलें. तिला उत्साह नव्हता. आपल्या बहिणींखेरीज फारशा मुली आपणांस ठाऊकहि नाहींत, असें ती रोजनिशींत लिहिते. तरी १८६८ च्या मे महिन्यांत आरंभ करून जुलैच्या मध्यास तिनें पहिला भाग पुरा केला. आरंभींचीं प्रकरणें नाइल्सला नीरस वाटलीं, आणि तिलाहि! परंतु ज्या मुलींस तीं वाचावयास दिलीं त्या हरखून गेल्या. नाइल्सचा सल्ला मानून तिनें पुस्तक एकरकमी विकलें नाहीं, हक्क स्वतःकडे ठेवला. तिचें पुढील भाग्य ह्या एका निर्णयावर उभें आहे. दुसरा भाग १८६९ सालीं निघाला. जोचें लग्न लॉरीशीं करावें असा बालवाचकांचा धोशा होता. जोनें अविवाहित रहावें, हा लेखिकेचा मानस. शेवटीं तिनें जोला एका प्रौढ जर्मन प्राध्यापकाच्या पदरीं बांधलें. (आमच्या पेशाचा एवढा गौरव अन्य कादंबऱ्यांतून क्वचितच झाला असेल.)

घरचीं देणीं फिटलीं. पण लेखिका मात्र अडकली. मेहुणा वारला, तेव्हां त्याच्या मुलांच्या सोयीकरितां ‘लिट्ल मेन’ (१८७१) लिहिणें आलें. मधूनच १८७७ सालीं ‘अ मॉडर्न मेफिस्टोफेलीस’ ही प्रौढांची कादंबरी तिनें नांवावांचून छापविली. जणूं बार्नार्डला पुन्हां भेटून आली. अतिलेखनानें उजव्या हाताचा आंगठा बधिर झाला, तेव्हां ती डाव्या हातानें लिहावयास शिकली. ‘जोज् बॉइज’ (१८८६) ह्या अखेरच्या कादंबरींत स्वाक्षऱ्या मागणाऱ्या चाहत्यांनीं गांजलेली जो दिसते. आणि समारोपांत तर निवेदिकेस भूकंप करवून सारी शाळा, माणसांसुद्धां, पोटांत घालावीशी वाटते. थट्टाच ती, पण तिच्यांतील थकवा लपत नाहीं.

लेखनाचे हक्क आपल्या मागें चालू रहावे म्हणून १८८७ सालीं तिनें वयांत आलेल्या भाच्यास कायदेशीर दत्तक घेतलें. पुढच्या वर्षीं ४ मार्चला वडील वारले, आणि दोनच दिवसांनीं, ६ मार्च १८८८ रोजीं, ती.