पोरगा विमानात असतो तेव्हा : श्राद्ध आणि देशांतराचा जुना हिशोब

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आता हे दृश्य नवीन राहिलेलं नाही. म्हातारा सकाळी गेला, थोरला टोरंटोला, धाकटा न्यूजर्सीला. अंगणात फ्रीजरची पेटी येते, एक्स्टेन्शन बोर्ड शोधला जातो, आणि ओट्यावर बसलेली चार शहाणी माणसं निर्णय देऊन टाकतात, "पोरगा येऊ द्या, मंग उचलू." पोरगा नागपूरला उतरणार उद्या रात्री, तेही मधली विमानं वेळेवर मिळाली तर. म्हातारी त्या पेटीजवळ बसून राहते. लेक पुसदवरून दोन तासांत येऊन पोचलेली असते. पण तिला कोणी विचारत नाही.

पितृपक्ष तोंडावर आलाय. "परदेशातून श्राद्ध कसं करायचं", "तिकडून पैसे पाठवले तर गयेला पिंडदान होतं का", "ऑनलाइन चालतं का" हे प्रश्न मलाही दर वर्षी येतात. लोकांना वाटतं, ही अडचण विमानं निघाल्यावरची आहे. तसं नाही. दूर असलेल्या मुलाचा विचार आपल्या धर्मग्रंथांनी शेकडो वर्षांपूर्वी इतका बारकाईने करून ठेवलाय, की वाचताना मजा वाटते. ते लिहिणाऱ्यांत आपली मराठी माणसं बरीच होती, आणि त्यांतली काही स्वतःच घर सोडून गेलेली होती.

आधी 'देशांतर' म्हणजे काय ते बघा. स्मृतिकारांनी त्याची व्याख्या केली आहे. मध्ये मोठी नदी असेल, डोंगर आडवा असेल, किंवा भाषा बदलत असेल, तर ते देशांतर. म्हणजे पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडून आदिलाबादला गेलात की झालं देशांतर! नदीही आहे, भाषाही बदलली. व्हिसाची गरज नाही.

या व्याख्येची गरज पडली सुतकासाठी. बातमी उशिरा पोचायची. माणूस आज गेला आणि भावाला तीन महिन्यांनी कळलं, तर सुतक किती? साधारण नियम असा, की जितका उशीर तितकं सुतक कमी, आणि वर्ष उलटून गेलं तर नुसती आंघोळ. पण आईवडिलांच्या बाबतीत मुलाला ही सूट नाही. तो कितीही लांब असो, ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून त्याचे पूर्ण दहा दिवस सुरू. याचा सरळ अर्थ काय? मुलगा दूर असणार आणि वडील त्याच्यामागे जाणार, हे गृहीत धरलेलं आहे. तो पोचेपर्यंत प्रेत ठेवा, असं म्हटलेलं नाही. त्याचे दहा दिवस तो जिथे असेल तिथे सुरू होतात.

तिथी माहीत नसेल तर? महिना माहीत असेल तर त्या महिन्याची अमावास्या धरा. काहीच माहीत नसेल तर बातमी कळली तो दिवस, किंवा माणसाने घर सोडलं ती तिथी. घर सोडलं ती तिथी! ज्यांच्या घरातून कोणी गेलं आणि परत आलंच नाही, त्यांना या ओळीचं वजन कळेल. पितृपक्षात महालय जमला नाही तर सूर्य वृश्चिकेत जाईपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, करता येतो. सुटी मिळत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या पोरांनी हे लक्षात ठेवावं. स्वयंपाक करून ब्राह्मण जेवू घालणं प्रवासात शक्य नसेल, तर कोरडा शिधा देऊन होणारं आमश्राद्ध आहे, नुसते पैसे देऊन होणारं हिरण्यश्राद्धही आहे.

आणि देहच मिळाला नाही तर पळस. आपल्या जिल्ह्यात फाल्गुनात ज्याने सगळं रान पेटल्यासारखं दिसतं, तोच. पळसाच्या पानांचे ३६० देठ घ्यायचे, डोक्याला चाळीस, बाकीचे ठरलेल्या हिशोबाने इतर अवयवांना लावून माणसाची आकृती करायची आणि तिला अग्नी द्यायचा. बेपत्ता माणसाची बरीच वर्षं, बहुतेक ग्रंथांत बारा, वाट पाहून हा विधी होई. बरं, एवढं करून तो माणूस जिवंत परत आला तर? त्याचीही सोय आहे. त्याला तुपाच्या भांड्यात बुडवून बाहेर काढायचं, बाळाचे जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करायचे, आणि त्याने आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न करायचं. लिहिणाऱ्याने कोणतीच शक्यता सोडलेली नाही.

जिल्ह्याच्या सीमेवरची गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतो. पैनगंगेपलीकडचं माहूर नांदेड जिल्ह्यात, पण पुसद, महागाव, आर्णीकडच्या लोकांना ते घरचंच. सहस्रार्जुनाने जमदग्नींना मारलं. परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात वडिलांचा देह ठेवला, दुसऱ्यात आई रेणुकेला बसवलं, आणि कोरी भूमी शोधत निघाला. ती सापडली माहूरला. दत्तात्रेयांनी विधी सांगितला. स्नानाला सर्व तीर्थांचं पाणी हवं, तर परशुरामाने बाण मारून ते तिथेच काढलं. तेच मातृतीर्थ. गोष्ट म्हणूनच वाचा हवं तर. पण त्यात मुलगा तीर्थाकडे गेला नाही, तीर्थ त्याच्याकडे आलं.

आता इतिहासाकडे. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीला जाऊन राहिले. त्यांचे चिरंजीव नारायणभट्ट. त्यांनी 'त्रिस्थलीसेतु' लिहिला. काशी, प्रयाग, गया या तीन ठिकाणी काय करायचं, कसं करायचं, याचा तो ग्रंथ. त्यांचे नातू कमलाकरभट्ट, त्यांचा 'निर्णयसिंधु' १६१२ चा. कमलाकरभट्टांचे पुतणे म्हणजे शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट. पुढे १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी 'धर्मसिंधु' लिहिला, तो आजही आपल्याकडच्या गुरुजींच्या पिशवीत असतो. गोदाकाठ सोडून गंगेकाठी स्थायिक झालेल्या घराण्याने दूरच्या क्षेत्रांतल्या विधींचं शास्त्र लिहावं, यात मला आश्चर्य वाटत नाही. तो प्रश्न त्यांच्या घरातला होता.

गयेच्या विष्णुपदाचं आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८७ मध्ये बांधलं. तिथे जाणं मात्र सोपं नव्हतं. कंपनी सरकार यात्रेकरूंकडून कर घेई, तो १८४० च्या कायद्याने बंद झाला. ज्याला जमत नसे तो जाणाऱ्याच्या हाती नाव, गोत्र आणि पैसे देई. 'माझ्या वतीने तुम्ही करा' ही व्यवस्था ऑनलाइनवाल्यांनी शोधलेली नाही. फक्त पावती आता मोबाइलवर येते.

समुद्र ओलांडला की मात्र गाडी अडली. समुद्रप्रवास केलेल्याला जातीत घेऊ नये, हे कलिवर्ज्यांच्या यादीत जाऊन बसलं होतं. गंमत अशी, की मूर्तिजापूर-यवतमाळ रेल्वे आली, ती आपली शकुंतला, आणि वऱ्हाडचा कापूस बेधडक साहेबाच्या देशाला गेला. कापसाला प्रायश्चित्त नव्हतं.

पण लोक जातच होते आणि तिकडे मरतही होते. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपला गेले. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लोरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. मुलगा नव्हता, पुढे दत्तक घ्यावा लागला. इटलीत तेव्हा दहनाची रीत नव्हती, सरकारी परवानगी काढावी लागली. फ्लोरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती. सोबतच्या मंडळींनी जागा कोणती निवडली? आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी जिथे मिळते, तो संगम. गंगा नाही, पंचगंगा नाही, तर आहे तिथला संगम. तिथे रात्री चिता पेटली. १८७४ मध्ये त्या जागी महाराजांची छत्री उभी राहिली, आणि १९७८ च्या सुमारास जवळ पूल झाला त्याला फ्लोरेन्सकर 'इंडियानो' म्हणतात. आपल्याकडे वणी तालुक्याच्या टोकाला वर्धा आणि पैनगंगा मिळतात. ती जागा पाहिली की मला दर वेळी आर्नो आठवते, आर्नो मी पाहिलेली नसूनही.

उलट दिशेची गोष्ट आनंदीबाई जोशींची. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला त्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांना ना परतीचं तिकीट परवडलं, ना गंगा. तिथल्या हिंदूंनी डोंगरातल्या एका तळ्यालाच गंगा तलाव म्हटलं आणि १९७२ मध्ये त्यात गंगेचं पाणी आणून ओतलं. परशुरामाचा बाण, दुसरं काय.

आता आजचं. अस्थिकलश विमानात नेता येतो, त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि दहनाचा दाखला जवळ लागतो, बाकी कागद वकिलातीला आणि विमान कंपनीला आधीच विचारावेत. २०२१ मध्ये टपाल खात्याने एका संस्थेबरोबर स्पीड पोस्टने अस्थी काशी, प्रयाग, हरिद्वार, गयेला पाठवायची सोय काढली, विधी घरी बसून बघता येईल अशी. बिहारच्या पर्यटन महामंडळाचं ई-पिंडदान आहे. यावर नाक मुरडणाऱ्यांनी कोरोना आठवावा. २३ मार्च २०२० पासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, नियमित सेवा सुरू झाली २७ मार्च २०२२ ला. त्या दोन वर्षांत किती जणांनी बाप मोबाइलच्या पडद्यावर जळताना पाहिला, ते आठवा आणि मग बोला. माझी हरकत पॅकेजला आहे. 'सुवर्ण', 'प्लॅटिनम' अशा श्रेणी लावून परदेशातल्या पोराच्या अपराधीपणावर जे दुकान चालतं, त्याला शास्त्रात आधार शोधू नका. हिरण्यश्राद्धाला ऐपतीप्रमाणे, एवढंच म्हटलंय.

तिथीचा घोळ मात्र खरा आहे. समजा तिथी आपल्या घड्याळाने रविवारी दुपारी ४ ला लागली आणि सोमवारी संध्याकाळी ५ ला संपली. श्राद्ध अपराह्णी, म्हणजे यवतमाळला सोमवारी. पण सप्टेंबरात न्यूजर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तिथे तीच तिथी रविवारी सकाळी साडेसहाला लागून सोमवारी सकाळी साडेसातला संपते. म्हणजे तिथल्या भावाचं श्राद्ध रविवारी. दोन भाऊ यावरून फोनवर भांडलेले मी ऐकलेत. दोघंही बरोबर होते. करणारा जिथे आहे तिथलं पंचांग.

आता पुन्हा त्या फ्रीजरच्या पेटीकडे येतो, कारण मला बोलायचं होतं ते त्याबद्दल. अग्नी कोण देणार? अधिकाऱ्यांची यादी लांब आहे. मुलगा, नातू, पणतू, मग पत्नी, मुलगी, मुलीचा मुलगा, भाऊ, पुतण्या, अशी ती उतरत जाते. क्रमाबद्दल ग्रंथांत मतभेद आहेत. शेवटी मित्र, आणि कोणीच नसेल तर राजाने करवावं. पण याहून महत्त्वाचं एक वचन 'मिताक्षरे'त घेतलेलं आहे. त्याचा मथितार्थ असा, की सगोत्र असो वा नसो, बाई असो वा पुरुष, पहिल्या दिवशी ज्याने पिंड दिला त्यानेच दहा दिवस पुरे करायचे. बाई असो वा पुरुष! हे साधारण ११०० च्या आसपासचं. मिताक्षरा म्हणजे तीच, जिच्यावर वारसाहक्काचे खटले इंग्रजांच्या काळापासून चालले. शेतीवाडीत सगळ्याच मुलींना जन्मतः हक्क मिळायला २००५ उजाडलं. त्यावरून घराघरांत भांडणं झाली, सातबारे बदलले. टिटवं धरायचा हक्क मात्र त्याच मिताक्षरेत नऊशे वर्षं पडून आहे, आणि तो वापरायला आपण तयार नाही. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतिराव फुले गेले, वाद झाला, तेव्हा टिटवं सावित्रीबाईंनी स्वतः धरलं. आपल्या जिल्ह्यात सत्यशोधक मंडळी आहेत, बौद्ध आहेत, गोंड, कोलाम, बंजारा आहेत, प्रत्येकाची रीत वेगळी, त्यांना निर्णयसिंधूची गरज नाही. पण जे गुरुजींना बोलावतात आणि शास्त्राचं नाव घेऊन लेकीला मागे उभं करतात, त्यांनी निदान ते शास्त्र उघडून तरी बघावं. लेक पुसदवरून आलीय. संध्याकाळच्या आत उचलता येतं. पोरगा तिकडे दहा दिवस पाळेल, तेरवीला येईल, न जमलं तर वर्षश्राद्धाला येईल.

आणि येणाऱ्या पोरांसाठी एक कामाची गोष्ट. काशी, गया, नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. हरिद्वारच्या वह्यांची तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने मायक्रोफिल्म करून ठेवली आहे. तिथे जाऊन 'यवतमाळ जिल्हा' म्हणून शोधाल तर जुन्या पानांवर सापडणार नाही. आपल्या जिल्ह्याला हे नाव १९०५ मध्ये मिळालं, त्याआधी तो वणी जिल्हा होता, इंग्रजी कागदांत 'वून', आणि पुसद तालुका तोवर वाशिमकडे होता. तेव्हा आधी वऱ्हाड सांगा, मग मूळ गाव, आडनाव, गोत्र. पणज्याचं नाव येत नसेल तर निघण्याआधी घरी फोन करून आजीला विचारून घ्या.