काळीज, वजडी, रक्ती : बोकडाच्या अवयवांचे पोषण आणि रोजचा स्वयंपाक

मटणाच्या दुकानात ‘काळीज’ किंवा ‘कलेजी’ म्हणजे यकृत, हृदय नव्हे. वजडी म्हणजे पोट व आतडी; रक्ती म्हणजे शिजवलेले रक्त. नांदेड-लातूर भागात, उमरीसारख्या तालुक्याच्या गावीही, हे पदार्थ ज्वारीच्या भाकरीसोबत खाल्ले जातात. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या अशा खाद्यपरंपरेची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) या पुस्तकात केली आहे. गरिबीमुळे ताटात आलेले हे भाग पोषणात मात्र कमी प्रतीचे नाहीत.

काय मिळते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. काळजात लोह, ब-12, फोलेट आणि अ जीवनसत्त्व भरपूर असते. मांसातील लोह धान्यातील लोहापेक्षा सहज शोषले जाते, शिवाय सोबतच्या भाकरी-भाजीतील लोह शोषायलाही मदत करते. जेवणाला लागून चहा घेतल्यास हा फायदा घटतो.

फोलेटच्या शोधाचा मुंबईशी संबंध आहे. ल्युसी विल्स यांनी तेथील गिरणी कामगार गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे 1931 मध्ये मांडले. त्या अर्कातला घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला.

कसे शिजवावे?

- काळीज : धुऊन लहान तुकडे करावेत. कांदा, आले-लसूण आणि काळ्या मसाल्यावर परतून आतला लालसरपणा जाईपर्यंत शिजवावे. फार वेळ ठेवल्यास ते चिवट होते. मीठ शेवटी घालावे.
- वजडी : गरम पाण्यात बुडवून खरवडावी, मीठ-हळद चोळून अनेक पाण्यांनी धुवावी. कुकरमध्ये मऊ शिजवून मग सुक्या खोबऱ्याच्या वाटणात रस्सा करावा.
- सवय नसेल तर : थोडे काळीज बारीक चिरून खिम्यात मिसळावे.

कुठे थांबावे?

काळीज आठवड्यातून एकदा, तेही थोडेच पुरे. त्यातले अ जीवनसत्त्व शरीरात साठते आणि गरोदरपणी त्याचे अतिप्रमाण गर्भाला घातक ठरू शकते. म्हणूनच ब्रिटनची आरोग्य सेवा गरोदर स्त्रियांना काळीज टाळायला सांगते. ‘पोटुशीला काळीज चांगले’ हा घरगुती सल्ला त्यामुळे जपून घ्यावा. लोहासाठी त्यांना सरकारी आरोग्य केंद्रात लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळ्या मिळतात. युरिक अॅसिड वाढलेल्यांनी अवयवांचे मांस टाळावे. कोलेस्टेरॉल जास्त असल्यास डॉक्टरांना विचारावे.

काळजावर पाण्याने भरलेले फोड दिसल्यास ते घेऊ नये. ते हायडॅटिड कृमीचे असू शकतात. असे कच्चे काळीज कुत्र्याने खाल्ले की कृमी त्याच्या पोटात वाढतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून माणसापर्यंत पोहोचतात. म्हणून खराब भाग उघड्यावर न टाकता खोल पुरावा.