लागलं तर?

बेळगावच्या आमच्या घरात, भिंतीतल्या कपाटात, एक चामडी डबी अजून आहे. तिच्यात कॅमेऱ्याची एक लांबोडी लेन्स आहे. बोटीवर नोकरीला असलेल्या मामांनी १९६६ साली ऑलिंपस पेन एफ नावाचा जपानी कॅमेरा आणला, त्याच्याबरोबरची ही दुसरी लेन्स. आल्यागेल्याला मामा ती कौतुकाने लावून दाखवीत, पुन्हा काढून पुसून ठेवीत. फोटो मात्र तिच्यातून एकही निघाला नाही. आई म्हणायची, “मग घेतलीस कशाला?” मामांचे उत्तर ठरलेले, “असू दे ग अक्का. लागलं तर?”

या ‘लागलं तर?’मध्ये एका धंद्याचे मर्म आहे, हे मला फार उशिरा कळले.

लेन्स बदलता येणारा लहान कॅमेरा जर्मनीच्या लायकाने १९३० सालीच बाजारात आणला होता. पण ती श्रीमंतांची चीज. जपानमध्ये योशिहिसा मैतानी नावाचा तरुण अभियंता १९५६ साली ऑलिंपस कंपनीत लागला. सामान्य माणसाला परवडेल असा कॅमेरा करायचा, हा त्याचा ध्यास. १९५९ साली त्याचा ‘पेन’ सहा हजार येनला विक्रीस आला. फिल्मच्या एका चौकटीत दोन फोटो. म्हणजे छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर! त्याची लेन्स मात्र पक्की बसवलेली.

पुढची पायरी १९६३ सालचा पेन एफ. एसएलआर कॅमेऱ्यात आरसा प्रकाश वर फेकतो, म्हणून त्याच्या डोक्यावर प्रिझमचे टेंगूळ येते. मैतानींनी आरसा आडवा फिरवला आणि टेंगूळच गेले. लेन्स बदलायची सोय राहिली, आकार आटला. १९७२ साली त्यांनी पूर्ण चौकटीचा कॅमेराही असाच आटवला. पुढे ओएम-१ म्हणून गाजलेल्या त्या कॅमेऱ्याचे वजन, लेन्सशिवाय, ५१० ग्रॅम.

२००८ साली ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी मिळून आरसाच काढून टाकायचे ठरवले. २००९च्या जुलैत, पेनच्या पन्नाशीला, ३३५ ग्रॅमचा डिजिटल पेन जपानच्या दुकानांत आला. त्याच महिन्यात, वयाच्या ७६व्या वर्षी, मैतानी वारले. पुढे मोबाइलने छोट्या कॅमेऱ्यांची बाजारपेठ खाल्ली. जानेवारी २०२१मध्ये ऑलिंपसचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय दुसऱ्यांच्या हाती गेला.

माझ्या भाच्याने असाच एक डिजिटल कॅमेरा घेतला होता. खोक्यातून आली तीच लेन्स त्यावर अजून आहे. मी विचारले तर म्हणाला, “मामा, पुढं कधी लागली तर घेता येते की!” मला हसू आले. आमच्यासारखी माणसे दुसरी लेन्स वापरायला घेत नसावीत; आपल्यालाही कधीतरी यापुढे जाता येईल, ही आशा घेत असावीत.

आईचे बाकीचे सगळे फोटो स्टुडिओतले, श्वास रोखून काढलेले. एकच वेगळा आहे. परसात ती तांदूळ निवडत बसली आहे आणि कशाला तरी हसते आहे. मामांनी पिशवीतून कॅमेरा कधी काढला, तिला कळलेच नाही. ‘खट्’ झाल्यावर तिने वर पाहिले.

कॅमेऱ्यावर तेव्हा नेहमीचीच लेन्स होती. डबी घरात कपाटात होती.