पेनसिल्व्हेनिया स्टेशन (न्यूयॉर्क)

न्यूयॉर्क शहरात मॅनहॅटन बेटावर असलेले जुने रेल्वे स्थानक. सातवा व आठवा अ‍ॅव्हेन्यू आणि ३१ वा व ३३ वा रस्ता यांच्या दरम्यान सुमारे आठ एकर जागेवर ते उभे होते. १९१० मध्ये ते प्रवाशांसाठी खुले झाले; १९६३ मध्ये त्याचे पाडकाम सुरू झाले. रेल्वेवाहतूक मात्र बंद पडली नाही. जमिनीखालचे रूळ व फलाट आजही वापरात आहेत; नाहीशी झाली ती वरची वास्तू.

पार्श्वभूमी : पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे रूळ हडसन नदीच्या पश्चिम काठावर, जर्सी सिटीत संपत. तेथून प्रवासी सामानसुमान घेऊन फेरीबोटीने मॅनहॅटनला येत. प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क सेंट्रलच्या गाड्या मात्र थेट शहरात शिरत. लांब बोगद्यात वाफेच्या इंजिनांचा धूर कोंडत असल्याने नदीखालून मार्ग नेणे अशक्य होते. विजेवरच्या इंजिनांनी ही अडचण दूर केली. कंपनीचे अध्यक्ष अलेक्झांडर कॅसॅट यांनी हडसनखाली दोन आणि ईस्ट रिव्हरखाली चार बोगदे खोदण्याचे काम हाती घेतले. स्थानकाच्या जागेसाठी टेंडरलॉइन या दाट वस्तीतील शेकडो इमारती भुईसपाट करण्यात आल्या. कॅसॅट १९०६ मध्ये व वास्तुकार चार्ल्स मॅकिम १९०९ मध्ये वारले. पूर्ण झालेले स्थानक दोघांनाही पाहता आले नाही.

वास्तू : ‘मॅकिम, मीड अँड व्हाइट’ या संस्थेने आखलेल्या या इमारतीला मिलफर्डचा गुलाबी ग्रॅनाइट वापरला होता. दर्शनी बाजूस डोरिक स्तंभांच्या रांगा आणि शिल्पकार अडॉल्फ वाइनमन यांचे दगडी गरुड होते. सुमारे ४५ मी. उंचीचे मुख्य प्रतीक्षालय रोममधील कॅराकॅलाच्या स्नानगृहांवरून बेतले होते. त्याच्या लगतच्या दालनाला लोखंडी कमानींवर पेललेले काचेचे छत होते. तेथील जमिनीतही काचेचे ठोकळे बसवलेले असल्याने छतातून आलेला उजेड खालच्या फलाटांपर्यंत झिरपे.

ऱ्हास व पाडकाम : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथील गर्दीने कळस गाठला, १९४५ मध्ये दहा कोटींहून अधिक प्रवाशांनी स्थानकाचा वापर केला. पुढे महामार्ग व विमानसेवा वाढल्या आणि लांब पल्ल्याचे प्रवासी घटले. देखभालीचा खर्च परवडेना, तेव्हा भिंतींवर काजळी साचत गेली. १९५० च्या दशकात प्रतीक्षालयाच्या मधोमध आधुनिक घाटाचा तिकीट कक्ष उभारून मूळ रचनेचा तोल बिघडवण्यात आला. अखेर कंपनीने इमारत पाडून स्थानकावरील बांधकामाचे हक्क विकायचे ठरवले. २ ऑगस्ट १९६२ रोजी लेखिका जेन जेकब्स, वास्तुकार फिलिप जॉन्सन प्रभृतींनी रस्त्यावर उतरून निषेध केला. पण खासगी मालकीची इमारत वाचवू शकेल असा कायदाच शहरात नव्हता. २८ ऑक्टोबर १९६३ रोजी भर पावसात गरुड उतरवण्यापासून पाडकामास आरंभ झाला. वर हातोडे चालू असताना खाली गाड्यांची ये-जा सुरूच होती. दगडांचा बराचसा राडारोडा न्यू जर्सीतील दलदलीत टाकण्यात आला. काही गरुड मात्र वाचले. त्यांपैकी चार फिलाडेल्फियातील मार्केट स्ट्रीट पुलावर आहेत. मोकळ्या झालेल्या जागी कार्यालयीन इमारत व मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे क्रीडागृह (१९६८) उभे राहिले.

परिणाम : या पाडकामामुळे वारसा जतनाच्या मागणीला जोर आला आणि १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वास्तुसंरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या आधारे शहरातील ग्रँड सेंट्रल या रेल्वे स्थानकाला संरक्षण मिळाले. त्यावर मनोरा बांधू पाहणाऱ्या पेन सेंट्रल कंपनीने न्यायालयात धाव घेतली. परंतु १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. पेन सेंट्रल ही कंपनी पेनसिल्व्हेनिया व न्यूयॉर्क सेंट्रल या जुन्या प्रतिस्पर्ध्यांच्या विलीनीकरणातून जन्मली होती. जुन्या स्थानकाच्या पश्चिमेस, त्याच वास्तुकार संस्थेने बांधलेल्या टपाल कचेरीत २०२१ पासून मॉयनिहन हे रेल्वेचे दालन प्रवाशांसाठी खुले आहे.