बंधाऱ्याच्या पाण्यात

तेलीबांध्याच्या तळ्यावर संध्याकाळची गर्दी झाली आहे. रायपूरकर या काठाला मरीन ड्राइव्ह म्हणतात. उंच खांबावर तिरंगा फडकतोय, त्याखाली फिरायला आलेली कुटुंबं. शहराला नदी आहे, खारून, पण ती तिकडे महादेव घाटाला. आणि नदीवरचा जुना बोट क्लब बघायचा तर मराठी माणसाला पुणंच गाठावं लागतं. तेव्हा बसा या नावेत. तोंड मागच्या टोकाकडे करा. शर्यतीच्या नावेत वल्हवणारा जायच्या दिशेला पाठ करूनच बसतो. मागे काय पडलं तेवढंच त्याला दिसतं. आपल्याला पुण्याच्या नदीवर काळात मागे जायचंय, त्याला हे सोयीचं आहे.

पाय ताणा, सरकती बैठक मागे जाऊ द्या, वल्ही ओढा.

५ नोव्हेंबर १८१७, पुण्याचा मुळा-मुठेचा संगम. पहिल्याच झटक्याला तुमचं वल्हं खडकावर खरकन घासतं. पाणी उथळ आहे. पेशव्यांशी लढाई जुंपतेय, आणि इंग्रजांचा रेसिडेंट एलफिन्स्टन रेसिडेन्सी सोडून निघालाय. त्याची माणसं उताराने मुळा ओलांडून खडकीकडे चालली आहेत. होडीची कुणालाच गरज पडत नाही. थोड्या वेळाने मागे रेसिडेन्सीचा धूर दिसू लागतो. तीन आठवड्यांनी नागपूरकर भोसल्यांच्या सीताबर्डीवर अशीच तोफ वाजणार आहे, आणि रायपूर तेव्हा भोसल्यांच्याच मुलखात आहे. पण आपण लढाई बघायला आलेलो नाही. तुम्ही मुकाट्याने नाव ढकलत न्या.

१८५० च्या सुमाराला नाव आपोआप वर उचलली जाते. खाली येरवड्याच्या बाजूला जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून बंधारा उभा राहिलाय. हेतू पाणीपुरवठ्याचा, नौकाविहार ही वरकड कमाई. दख्खनच्या नद्या पावसाळ्यात उधाणतात आणि उन्हाळ्यात खडक उघडे टाकतात. बारमाही वल्हवायचं तर पाणी कुणीतरी अडवूनच ठेवावं लागतं. पुण्याच्या बोट क्लबांचा खरा संस्थापक मला विचाराल तर हा बंधाराच, साहेब नव्हे.

साहेब येतात १८६८ साली. बंधाऱ्याजवळ फिट्झजेराल्ड पुलाचं काम चालू आहे आणि काठावर क्लब निघालाय. पुढे १८८६ ते १८९० या काळात ड्यूक ऑफ कॅनॉट मुंबई फौजेचा सेनापती असतो. क्लबाच्या नावात कॅनॉट आहे ते त्याचंच. आजचा बोट क्लब रोड याच क्लबाच्या नावाचा. तुम्ही धक्क्याजवळ जरा जास्त रेंगाळलात तर कुणीतरी हटकेल, पुढे चला.

१९२८. इथे मात्र निवांत थांबा. १८५४ साली सुरू झालेल्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं स्वतःचा बोट क्लब काढताहेत. तुम्हाला पंटवर चढवतात. ही सपाट बुडाची नाव, सहजासहजी उलटत नाही. मग कायाक, मग स्कल. स्कल इतकी अरुंद, की नुसती मान वळवली तरी डुगडुगते. वल्हं पाण्याबाहेर काढताच मनगट फिरवून पातं आडवं करायचं. चुकलात तर ते पाण्यात रुततं आणि मूठ पोटात बसते. तळहाताला फोड येतात. कॉलेजात इतकं शिस्तीत शिकवणारं दुसरं काही असेलसं वाटत नाही. वर्षाअखेरीस रेगाटा: शर्यती, नावांच्या रचना, अंधार पडल्यावर मशाली.

शिडाची हौस असेल तर मुठेवरून वर, खडकवासल्याला. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, म्हणजे एनडीएचे, कॅडेट तिथल्या पीकॉक बेमध्ये शिडाच्या नावा चालवतात. ते पाणीही धरणाचंच.

१२ जुलै १९६१. नाव ताबडतोब काठावर ओढा. सकाळी पानशेतचं धरण फुटलंय, मागोमाग खडकवासल्याचं. मुठेतून जे येतंय त्यात कपाटं आहेत, वासे आहेत, जनावरं आहेत. अडवलेलं पाणी सुटलं की काय होतं ते पुण्याने एकदाच पाहिलं, आणि ते पुरेसं होतं.

आता आजच्या पाण्यात या. नाकावर रुमाल धरा. शहराचं सांडपाणी नदीत येतं, पाणी संथ असतं, आणि जलपर्णी हिरव्या सतरंजीसारखी पसरते. ज्या बंधाऱ्याने नावा तरंगवल्या, तोच ही घाणही थोपवून धरतो. वल्ह्यात देठ अडकतात, ते हाताने सोडवत बसा. मार्च २०२२ मध्ये नदीकाठ सुधारणेची कोनशिला बसली. काठ सुधारेल, पाण्याचं मला खात्रीने सांगवत नाही.

तोलामोलाच्या वल्हेकरांनी दुसरी वाट धरली आहे. लष्कराचे खेळाडू दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या (सीएमई) स्वतंत्र जलमार्गावर सराव करतात. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ तिथेच घडला आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकला उतरला. हा विहिरी खोदणाऱ्या घरचा मुलगा, दुष्काळी गावचा. लष्करात गेल्यावर वल्हं हाती आलं, तेव्हा त्याला पाण्याची भीती वाटायची.