पूर्व

पूर्व (वि., ना.) : आधीचा, अगोदरचा, पहिला, तसेच सूर्य उगवतो ती दिशा. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला हा शब्द ऋग्वेदाइतका जुना आहे. पुरोहित, पुरस्कार यांतला 'पुरस्' आणि पुराणातला 'पुरा' हे त्याचे सगोत्र. रशियनमध्ये 'पहिला' या अर्थी असलेला 'पेर्वी'ही त्याच कुळातला.

या कुळाचा मूळ अर्थ 'पुढचा, समोरचा' असा आहे आणि दिशेचा अर्थ त्यातूनच आला. उगवत्या सूर्याकडे तोंड केले की समोर पूर्व, पाठीशी पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण. पश्चिम म्हणजे मागची आणि दक्षिण म्हणजे उजवी. काळाच्या रांगेतही जो पुढे, तो आधीचा, म्हणून 'पूर्वज'. बोलताना मात्र आपण गेलेल्या काळाला 'मागे' म्हणतो, हे विशेष.

दिशेत पूर्वेची जोडी पश्चिमेशी, क्रमात उत्तराशी. पूर्वार्ध-उत्तरार्ध, पूर्वमीमांसा-उत्तरमीमांसा, पूर्वा फाल्गुनी-उत्तरा फाल्गुनी. शाळेच्या गणितातही 3:5 या गुणोत्तरात 3 हे पूर्वपद आणि 5 हे उत्तरपद. शास्त्रचर्चेतला 'पूर्वपक्ष' या साऱ्यांत मोलाचा. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचे, मगच खोडायचे, ही त्यामागची शिस्त.

'पूर्वरंग' नाट्यशास्त्रातला; तिथे पाचवा अध्याय नाटकाआधीच्या या विधींचा आहे. मराठी माणसाला तो भेटतो कीर्तनात. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात बुवा अभंग किंवा पद घेऊन निरूपण करतात, मध्यंतरात बुक्का लावला जातो, आणि उत्तररंगात आख्यान रंगते. पु. ल. देशपांडे यांनी पूर्वेकडील देशांच्या प्रवासवर्णनाला हेच नाव दिले, तेव्हा दिशा आणि कीर्तन दोन्ही त्यात सामावले.

'अपूर्व' म्हणजे पूर्वी न घडलेले, म्हणून अद्वितीय. मीमांसकांच्या परिभाषेत मात्र, यज्ञकर्म संपल्यावर फळ मिळेपर्यंत टिकून राहणारी अदृश्य शक्ती म्हणजे अपूर्व.

'लग्नापूर्वी', 'पेरणीपूर्वी' यांत हाच शब्द शब्दयोगी होतो. घरगुती बोलण्यात तिथे 'आधी' येते. पूर्वापर आणि पूर्वापार यांची गल्लत फार होते. पूर्वापर (पूर्व + अपर) म्हणजे मागचा-पुढचा, जसे 'पूर्वापर संबंध'. पूर्वापार म्हणजे फार जुन्या काळापासून चालत आलेले, जसे 'पूर्वापार चालत आलेली वहिवाट'.